चार गावांची वही

सातारच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना ग्रंथालयातल्या एका तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मला एक चिठ्ठी सापडली. जाड कागदावर निळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'आज रात्रीतून जगातली सगळी घड्याळं निम्म्या वेगानं चालू लागली आणि आपली नाडीही, तर उद्या सकाळी ते कुणाला कळेल? उत्तर सुचल्यास कळवावे.' खाली कोयनानगरच्या एका क्वार्टरचा पत्ता होता.

त्या पुस्तकावर माझ्याआधीचे तीनच शिक्के होते. आमच्या घरात शाळा पुरी केलेला मीच पहिला, त्यामुळे कॉलेजच्या रीतीभाती मला ठाऊक नव्हत्या. ही चिठ्ठी म्हणजे परीक्षेचाच काही भाग असावा आणि उत्तर दिलं नाही तर नापास करतील, असं मला खरोखर वाटलं. दोन दिवस विचार करून मी पोस्टकार्ड टाकलं: 'माझ्या आईला कळेल. तिच्याकडे घड्याळ नाही.'

आठव्या दिवशी उत्तर आलं. 'सूर्यही सावकाश झाला असेल तर आई काय करील? विचार करून लिहा. घाई नाही.'

घाई नाही, असं तोवर मला कुणी म्हटलं नव्हतं. घरून निरोप यायचा तो लवकर पास हो, लवकर नोकरीला लाग, एवढाच. पुढची तीन वर्षं ती कार्डं येत राहिली. लिहिणाऱ्या त्या गृहस्थांनी कधी उपदेश केला नाही. माझं एखादं वाक्य चुकलं तर ते तेच वाक्य दुरुस्त करून आपल्या कार्डात वापरायचे, चुकलं असं म्हणायचे नाहीत. मी पदवीधर झालो तो माझ्या प्राध्यापकांमुळे, हे मी कधी विसरणार नाही. पण एखादा विचार हातात धरून उलटसुलट करून बघायचा असतो, हे मला त्या न पाहिलेल्या माणसानं शिकवलं. पास झाल्याचं मी आईच्या आधी त्यांना कळवलं.

दुष्काळ सरून एखादं वर्ष झालं असेल, मला सांगलीला पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत लिपिकाची नोकरी लागली. खोली शोधत फिरलो. पहिल्या दोन ठिकाणी सगळं ठरलं, चहा झाला, आणि मग मालकांनी आडनाव विचारलं. मी लहान असताना आमच्या वस्तीनं धर्म बदलला होता, पण आडनावं तीच राहिली होती, आणि आमच्या भागात आडनाव सगळं सांगून टाकतं. एकाला आठवलं की खोली कालच दुसऱ्याला दिली आहे. दुसऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. तिसऱ्या ठिकाणी मी माझं नाव आणि वडिलांचं नाव सांगून थांबलो. ते मालक कानानं अधू होते, त्यांनी पुढचं विचारलं नाही. तिथे मी राहिलो, आणि कचेरीतून आल्यावर शक्यतो कुणाशी बोलायला थांबायचो नाही.

याच सुमारास कोयनानगरहून लांब कार्ड आलं. त्यांना पुस्तकांत ठेवलेल्या अशाच चिठ्ठ्यांमधून आणखी दोन माणसं सापडली होती. एक इस्लामपूरचे, एक म्हसवडच्या बाई. आता चौघांत एक वही फिरवू या, असं त्यांनी सुचवलं होतं. प्रत्येकाकडे ती आठ दिवस राहील, मग पोस्टानं पुढच्याकडे जाईल. कोयनानगर, म्हसवड, सांगली, इस्लामपूर, आणि परत कोयनानगर. एक फेरी व्हायला दीड महिना तरी लागायचा.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी नियम लिहिला होता: 'इथे गावाचं नाव हेच माणसाचं नाव. आडनाव, नोकरी, घर, दुखणं यांना या वहीत प्रवेश नाही. इथे फक्त डोकं येईल.' पत्ताही, चिठ्ठीवरचा कोयनानगरचा सोडला तर, प्रत्येकाला पुढच्या एकाचाच माहीत असायचा. मी माझा पत्ता कचेरीचा दिला होता, आडनाव गाळून. कोयनांना, म्हणजे कोयनानगरच्या त्या गृहस्थांना, मात्र ते माहीत असणार, कॉलेजातल्या माझ्या मागासवर्गीय वसतिगृहाच्या पत्त्यावरूनच कळण्यासारखं होतं. त्यांनी ते कधी एका अक्षरानं दाखवलं नाही.

त्या वहीनं मला काय दिलं ते सांगणं अवघड आहे. दिवसभर मी कचेरीत आवक-जावक नोंदवायचो, आणि ज्या दिवशी पाकीट यायचं त्या दिवशी माझ्याइतका श्रीमंत माणूस सांगलीत नसायचा. कोयनांच्या एका गोष्टीत धरणात पाण्याऐवजी वेळ साठवलेला होता आणि दरवाजे उघडले की खालच्या गावांत एकाच दिवसात दोन सोमवार यायचे. म्हसवडच्या बाई लहान लहान प्रश्न टाकायच्या. यात्रा संपल्यावर यात्रा कुठे जाते, हा त्यांचा प्रश्न आम्ही दोन फेऱ्या पुरवला. इस्लामपूरकर थट्टेखोर. त्यांच्या ग्रहावर ऊस शहाणा होता आणि माणसांच्या मोळ्या बांधून गाळपाला पाठवायचा, आणि कोणत्या गावच्या माणसाचा रस गोड यावरून उसाउसांत मारामाऱ्या व्हायच्या. मला ते 'सांगलीकर गड्या' म्हणायचे. एका फेरीत आम्ही 'म' हे अक्षर वर्ज्य केलं. मी, माझं, आम्ही, काही लिहिता येईना. इस्लामपूरकरांना आणि म्हसवडच्या बाईंना तर सहीसुद्धा करता येईना. इस्लामपूरकरांनी 'इस्लापूर' असं लिहून वेळ मारून नेली. बाईंनी 'सवड' अशी सही केली आणि खाली लिहिलं, 'हीच तर नसते.'

बाई आहेत हे फक्त क्रियापदांवरून कळायचं. त्या वयानं केवढ्या, करतात काय, घरी कोण, मला काही माहीत नव्हतं. त्यांनाही माझं माहीत नव्हतं. ते तसंच राहावं अशी माझी मनापासून इच्छा होती.

दुसऱ्या वर्षी इस्लामपूरकरांनी लिहिलं की एकदा कराडला भेटू. घाटावर बसू, घरची भाकरी बांधून आणू, मी काकवी आणतो. मी त्यावर पानभर विरोध लिहिला. भेटलो तर डोकी घरी राहतील आणि शरीरं येतील, शरीराबरोबर गाव, घर, आडनाव येईल, मग ही वही उरणार नाही, असं बरंच काही. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे घाटावरची पंगत होती आणि भाकरी सोडता सोडता सहज विचारलेला एक प्रश्न होता. कोयनांनी निकाल दिला: 'सांगलींचं म्हणणं नियमाला धरून आहे.' त्या वाक्याचा मला फार आनंद झाला. त्या दिवसापासून नियम सांभाळणं हे मी आपलंच काम समजू लागलो. कुणी चुकून आजारपणाचा, घरच्या कटकटीचा उल्लेख केला की मी समासात 'नियम पहिला' एवढंच लिहायचो.

तिसऱ्या वर्षी चैत्रात वही आली तेव्हा तिच्यात कोयनांची नवी गोष्ट होती. एका ग्रहावर एका माणसाच्या डोक्यातून रोज सकाळी एक शब्द नाहीसा होतो. बाकी सगळ्यांकडे तो शब्द असतो, फक्त याच्याकडे नसतो. तो आंघोळीला जातो आणि समोरच्या वस्तूचं नाव येत नाही. हातानं खूण करतो. घरचे हसतात, तोही हसतो. मग तो युक्त्या काढतो. नाव टाळून बोलायला शिकतो, 'ते', 'हे', 'आपलं नेहमीचं'. कामावर कुणाला कळू देत नाही. पानाच्या शेवटी गेलेल्या शब्दांची यादी होती: बादली, चुलता, गुरुवार, किल्ली, जिना. आणि खाली तीन प्रश्न. 'शब्द गेल्यावर वस्तू उरते का? सगळे शब्द गेल्यावर माणूस उरतो का? आणि हे कुणाला सांगावं?'

अक्षर नेहमीसारखं छापल्यागत नव्हतं. ओळी खाली उतरत गेल्या होत्या, काही अक्षरं अर्धी होती. मला वाटलं, काय कल्पकता आहे. शब्द जात चाललेत तसं अक्षरही जाताना दाखवलंय.

त्या पानाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात म्हसवडच्या बाईंनी लिहिलं होतं: 'सांगली, ही गोष्ट मला गोष्ट वाटत नाही. अक्षर पाहा. कोयना बरे आहेत ना? चिठ्ठीवरचा त्यांचा पत्ता माझ्याकडे राहिला नाही, तुमच्याकडे असेल. कुणीतरी जाऊन बघायला हवं. मला एकटीला इतक्या लांब घरून निघू देणार नाहीत.'

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला राग आला. एवढी सुंदर गोष्ट आणि बाई तिला दुखणं समजल्या. दुसऱ्यांदा वाचताना भीती वाटली, आणि ती कोयनांसाठी नव्हती. एकदा कुणी कुणाच्या घरी जाऊन बघायला लागलं की उद्या इस्लामपूरकर सांगलीला येतील, परवा बाईंच्या घरचे कुणी. कोयनांच्या दारात मी उभा राहीन, घरातलं कुणी पाणी देईल आणि विचारील. मग मी माझ्या टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं आणि ते पुसलं. इस्लामपूरकरांच्या हाती वही जाईल तेव्हा हा मजकूर दिसू नये म्हणून हळूहळू, कागद फाटणार नाही अशा बेतानं पुसलं.

मग मी उत्तर लिहिलं. आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. आठ पानं झाली. शब्द गेला तर दुःखाचंही नाव जातं, आणि ज्याला नाव नाही ते दुःख नव्हेच, असा माझा मुद्दा होता. गोष्टही मी पुढे नेली. शेवटचा शब्द जातो त्या दिवशी तो माणूस मुक्त होतो, त्या ग्रहावरचे लोक त्याची मिरवणूक काढतात आणि त्याला ऋषी मानतात. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याची मला गरज वाटली नाही. तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता. आयुष्यात मी लिहिलेल्यांत ती सर्वांत चांगली आठ पानं होती.

इस्लामपूरकरांनी खाली लिहिलं, 'गड्या, ह्या माणसाला आमच्याकडं पाठव, उधारीचा शब्द गेला तर लय सुखी होईल,' आणि वही कोयनानगरला गेली. हे मला नंतर कळलं, कारण वही परत आली नाही. वैशाख गेला, जेठ गेला. माझ्या युक्तिवादाला उत्तर सापडत नसेल, म्हणून कोयना वेळ घेताहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. खोटं कशाला सांगू, त्यात मला थोडा अभिमानही वाटला. मी दोन कार्डं टाकली, दोन्हींत कोडी होती.

श्रावणाच्या तोंडाला म्हसवडहून आंतर्देशीय पत्र आलं. त्यात एवढंच होतं: 'वही आली नाही. तुम्ही जाऊन आलात का?'

त्या आठवड्याच्या रविवारी मी गेलो. कराडला गाडी बदलली. पाटण सोडल्यावर डोंगर ढगात गेले आणि गाडीच्या काचांतून पाणी आत येऊ लागलं. मी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो. अजूनही मला वाटत होतं की ते दार उघडतील आणि म्हणतील, तुमच्या पाचव्या पानावर एक चूक आहे.

दार एका बाईनं उघडलं. मी म्हटलं, मी सांगलीचा, वहीतला.

"सांगली व्हय तुमी? आवं, मग आत या की. तुमची कार्डं आल्यात, तशीच पडल्यात. वाचनार कोन."

ते आतल्या खोलीत खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी कल्पिले होते त्यापेक्षा उंच, तोंडावर पांढरे खुंट, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला. ओठ हलले, पण आवाज आला तो कुठल्याच शब्दाचा नव्हता. त्यांच्या पत्नीनं उशी नीट केली आणि मला पाट दिला.

त्या सांगत गेल्या. ते धरण प्रकल्पाच्या स्टोअरवर होते. शेकडो वस्तू, प्रत्येकीचं नाव आणि जागा डोक्यात, हीच नोकरी. माघापासून काहीतरी बिघडलं होतं. कुणी तार मागितली तर ते खिळे काढून द्यायचे. हाताखालची पोरं हसायची, आणि साहेबाला कळलं तर काय, या धास्तीनं ते कुणाला बोलले नाहीत. घरीही नाही. जेठाच्या मध्यावर अंगणातच पडले. मिरजेला नेलं. मेंदूत गाठ आहे, ती आता फार वाढली, चैत्रात आणलं असतं तर काढून बघता आली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चैत्रात. मी पाटावर बसून होतो.

कोयनेत नेहमी बसतो तसा भूकंपाचा हलका धक्का बसला, जमीन जराशी हलली, फडताळातली भांडी वाजली. चुलीपुढे बसलेल्या त्यांच्या पत्नीनं भाकरी थापायचा हात थांबवला नाही. गाव कंचं तुमचं, त्यांनी विचारलं. मी खटाव तालुक्यातलं गाव सांगितलं आणि न विचारता आडनावही सांगितलं. तीन वर्षं जे मी आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं ते तिथे का सांगितलं, मला माहीत नाही. आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून असेल.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "हे सांगायचे. पोरगं लय लांबनं चालत आलंय म्हनायचे."

माझ्यापुढे ताट ठेवून त्यांनी खाटेखालच्या ट्रंकेतून वही काढली, धुतलेल्या कापडात बांधलेली. म्हणाल्या, मला वाचता येत नाही. शेजारी कुणाकडे न्यायची लाज वाटते. आजारी पडायच्या आधी ते हिच्यात पुष्कळ दिवस लिहीत होते, मला जवळ येऊ देत नव्हते. "तेवढं वाचून दाखवा. काय मनात हुतं त्यांच्या, कळंल तरी."

मी ती गोष्ट वाचू लागलो. चारपाच ओळी झाल्या असतील, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आवं, ही गोष्ट कुटली? ही आमच्या न्हानीतली बादली. नुसता हात करत हुते, आन मी हसले. मी हसले की ओ."

चार बुकं न शिकलेल्या बाईला जे चौथ्या ओळीला कळलं ते मला तीन प्रश्नांनंतरही कळलं नव्हतं. नाही, हेही खरं नाही. मला सांगितलं गेलं होतं. त्या पानाच्या समासात, माझा अंगठा टेकला होता तिथे, कागद घासून पांढुरका झाला होता.

यादी वाचून मी थांबलो. खाटेवरून त्यांनी डावा हात पुढे केला आणि वहीवर बोट आपटलं. पुन्हा आपटलं.

"म्होरं वाचा म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "म्होरचं तुमचंच हाय न्हवं?"

मी म्हटलं, पुढे विशेष काही नाही. त्यांनी बोट उचललं नाही. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत काय होतं मला सांगता येणार नाही. ओळख होती असं म्हणायला मला आवडेल, पण मला ते माहीत नाही. मग मी माझी आठ पानं वाचली. नाव नसलेलं दुःख हे दुःख नव्हे, हे वाचलं. मिरवणूक वाचली. ऋषी वाचला. मध्येच दोन पानं एकदम उलटावीत असा विचार मनात आला, पण त्यांचं बोट कागदावरच होतं. त्या चुलीपुढे बसून ऐकत होत्या, आणि काही शब्द त्यांना कळत नव्हते हे मला दिसत होतं, त्याबद्दल मी देवाचे नाही, कुणाचे तरी आभार मानत होतो.

वाचून झालं. त्या म्हणाल्या, "लय हुशार हाय तुमी." टोमणा नव्हता तो. नवरा इतकी वर्षं माझ्याबद्दल जे सांगत आला होता ते त्यांना पटलं होतं, एवढंच.

मग थोड्या वेळानं, ताट उचलता उचलता, त्यांनी विचारलं, "हे चैतात वाचलं व्हय तुमी?"

मी हो म्हटलं.

"मग का न्हाई आला?"

मी म्हटलं, मला गोष्ट वाटली.  त्या ताट घेऊन मोरीकडे गेल्या. पुसलेल्या मजकुराबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला उठलोही होतो. त्या पाठमोऱ्या भांडी घासत होत्या. शेवटची गाडी चारला होती, तिनं मी परत आलो. वही त्यांनी ठेवून घेतली.

कार्तिकात ते गेले. पूर्वी स्टोअरवर त्यांच्या हाताखाली असलेल्या कुणीतरी मला दोन ओळींचं कार्ड लिहिलं.

म्हसवडच्या बाईंना मी सगळं कळवलं. कोयना कोण होते, काय झालं, डॉक्टर चैत्राबद्दल काय म्हणाले. आणि तुमचा मजकूर मी पुसला, हे. का पुसला तेही लिहिलं, आडनावासकट. एवढं मोठं पत्र मी त्याआधी किंवा नंतर कुणाला लिहिलं नाही. इस्लामपूरकरांना मात्र फक्त ते गेल्याचं कळवलं. त्यांचं उत्तर आलं ते इतकं शोकाचं आणि इतकं भाबडं होतं की पुढचं सांगण्याचा मला धीर झाला नाही. आजतागायत झालेला नाही.

बाईंचं उत्तर महिन्यानं आलं. माझ्या आडनावाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, मला दोषही दिला नव्हता. लिहिलं होतं: 'पत्र पोचलं. मला तेव्हाच शंका होती आणि मी ती समासात लिहून मोकळी झाले. पाकीट तुमच्या नावानं टाकल्यावर चार महिने मी विचारलं नाही, कारण दुखण्याबद्दल वहीबाहेर विचारणंही नियमाला धरून नाही, असं वाटलं. मी शाळेत मुलांना रोज विचारते, समजलं का. तुम्हाला एकदा विचारायचं राहिलं.'

त्यांनी माझ्या वाट्याच्या दोषातलं निम्मं आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि त्यांना तसं करू देता कामा नये, हे मला कळत होतं. मी बरेच दिवस उत्तराची जुळवाजुळव केली. लिहायला बसलो की वाक्य फार चांगलं व्हायचं, नेमकं, डौलदार, आणि ते वाचून मला स्वतःची किळस यायची. ते उत्तर मी कधी पाठवलं नाही.